जुलाब आजचे, पाणी पंधरा दिवसांपूर्वीचं : जिआर्डिया कसा ओळखायचा

ट्रेकवरून येऊन अकरा दिवस झाले होते आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये मला ढेकर आला. साधा नाही, सडक्या अंड्याच्या वासाचा. लिफ्टमध्ये आम्ही तिघं होतो आणि तिघंही एकदम वरचे आकडे बदलतात तिकडे बघायला लागलो, चौथा मजला यायला इतका वेळ कधीच लागला नव्हता. घरी सांगितलं तर आईचं ठरलेलं, "आधी ती बाहेरची मिसळ बंद कर." मी पण मिसळीलाच शिव्या घातल्या. मग पुढचे तीन आठवडे अॅसिडिटीच्या गोळ्या, ओवा, हिंगाचं पाणी, इसबगोल, दोन दिवस नुसता मऊ भात, पुन्हा बरं वाटलं म्हणून वडापाव, पुन्हा संडास, असं चालू होतं. वजन साडेचार किलोने उतरलं आणि लोक विचारायला लागले, जिम लावली का रे.

मिसळीचा काही संबंध नव्हता. अकरा दिवस मागे मोजले की येतो तो रविवार, गडावर बाटल्या संपल्या होत्या आणि टाक्यातलं गारेगार पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो होतो, वर फोटो पण काढले होते. गडाचं नाव घेत नाही, उगाच त्याची बदनामी नको, चूक पिणाऱ्याची होती.

आमच्या ग्रुपात दर पावसाळ्यात नवीन पोरं-पोरी येतात आणि दरवर्षी एक-दोघांचं तरी असं होतं, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतोय. ट्रेकला न जाणाऱ्यांनाही चालेल, म्हणजे शिकायला नवीन शहरात आलेले होस्टेलवाले, टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्या, गावी विहिरीचं पाणी पिणारे, सगळेच. मी डॉक्टर नाही. हे वाचून तुम्ही स्वतःच गोळ्या घ्याव्यात असं अजिबात नाही, डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नेमकं काय सांगायचं ते कळावं एवढंच, कारण नुसतं "पोट बिघडलंय" म्हटलं तर समोरचा माणूस तरी काय करणार.

आधी हा पाहुणा आहे कोण

जिआर्डिया म्हणजे जंत नाही. एकाच पेशीचा जीव आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शीमध्ये काही वळवळतंय का ते शोधत बसू नका, आणि जंताची एक गोळी घेतली म्हणजे हाही गेला असंही समजू नका. बाहेर पाण्यात असतो तेव्हा तो कवचात असतो, त्याला सिस्ट म्हणतात, लांबी ८ ते १२ मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर एका केसाच्या जाडीत असे सहा-सात शेजारी शेजारी झोपतील. त्यामुळे "पाणी किती नितळ आहे बघ, तळ दिसतोय" याला काही अर्थ नाही. गार पाण्यात हे कवच आठवडेच्या आठवडे टिकतं, दोन-दोन महिने सुद्धा. आणि आजारी पडायला असे १० सिस्ट पोटात गेले तरी पुरतात.

पोटात गेला की कवच सुटतं आणि लहान आतड्यात आतला जीव बाहेर येतो. त्याच्या अंगाखाली एक चकती असते, तिने तो आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात. आतडं पोखरून तो रक्तात जात नाही, नुसता अस्तरावर बस्तान मांडून बसतो. पण बसायची जागाच अशी की तेल-तूप आणि दूध पचायचं काम तिथेच होतं, ते अडतं. एवढं लक्षात ठेवलं की पुढची सगळी लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, आपोआप कळतात.

मायक्रोस्कोपखाली हा दिसतो फार गमतीशीर. दोन केंद्रकं अशी असतात की दोन डोळ्यांचा चेहराच वाटतो, तुमच्याकडे बघून हसतोय असा. पहिल्यांदा पाहिला तो १६८१ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने. कापडाचा व्यापारी माणूस, घरीच भिंगं घासायचा, आणि हा प्राणी त्याला सापडला तो स्वतःलाच जुलाब झाले असताना, स्वतःच्याच शीमध्ये. तेव्हा पुढे मी काही बघा म्हणून सांगणार आहे त्याला नाक मुरडू नका.

पायरी १ : कालचं जेवण विसरा, मागे मोजा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जुलाब लागले की आपण आठवतो काल काय खाल्लं. पण लग्नाच्या पंगतीतल्या पनीरने बाधा झाली तर ती त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते, आणि बरोबर जेवलेले आणखी चार जण लाईनीत असतात. जिआर्डियाला साधारण १ ते २ आठवडे लागतात, कधी तीन पण. म्हणजे जुलाब सुरू होईपर्यंत तुम्ही ते पाणी, तो गड, तो ओढा, सगळं विसरून गेलेले असता आणि बिचाऱ्या मिसळवाल्यावर आळ येतो.

म्हणून फोनची गॅलरी उघडा. खरंच सांगतोय, माणसाला तारखा आठवत नाहीत, फोटोंना आठवतात. त्रास सुरू झाला त्या दिवसापासून १ ते ३ आठवडे मागे जा आणि बघा कुठे होतो. ट्रेक, धबधबा, नदीत पोहणं, रिसॉर्टचा पूल (पोहताना पाणी तोंडात जातंच), गावची जत्रा, बर्फाचा गोळा, सोसायटीत पाणी नव्हतं म्हणून आलेला टँकर. घरात पाळणाघरात जाणारं लहान मूल असेल तर तेही धरा, कारण डायपर बदलताना हाताला लागून हा घरभर फिरतो, त्यासाठी ट्रेकला जायची गरज नाही. जे सापडेल ते तारखेसकट लिहून ठेवा, डॉक्टरांना हीच चिठ्ठी दाखवायची आहे.

मोजायचं दुसरं टोक पुढचं. नेहमीचे जुलाब, व्हायरसचे काय किंवा बॅक्टेरियाचे काय, बऱ्याच जणांचे तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात आटोपतात. दहा-बारा दिवस झाले आणि अजून चालूच आहे, किंवा मधले चार दिवस एकदम बरे जातात, तुम्ही खूश होऊन तर्रीवाली भाजी खाता आणि पुन्हा सुरू, अशी ये-जा चालू असेल तर परजीवीचा संशय घ्यायची वेळ झाली. औषधाशिवाय हा प्रकार दोन ते सहा आठवडे चालू शकतो आणि काहींचा त्याहून जास्त.

पायरी २ : ढेकर आणि फुगलेलं पोट

आमच्या ग्रुपात याला "अंडा ढेकर" म्हणतात. जेवलेलं वर येणारा करपट आंबट ढेकर वेगळा, तो घशाशी जळजळतो. हा जळजळत नाही, फक्त वास, आणि अंडं न खाता अंड्याचा. त्याबरोबर पोटाला गुबारा धरतो, संध्याकाळपर्यंत पँटचं बटण लागत नाही, बेंबीच्या आसपास गुडगुड एवढी की शेजारच्याला ऐकू जावी. सकाळी उठल्या उठल्या मळमळ. वारा सरतो तोही असा की घरात कुणी कुणाकडे बघत नाही.

नुसता ढेकर आला म्हणून घाबरू नका हां, असे ढेकर इतर कारणांनीही येतात. पण ढेकर अधिक गॅस अधिक मागे सापडलेली ती तारीख, हे तिन्ही जमलं तर पुढच्या पायरीवर या.

पायरी ३ : फ्लश करायच्या आधी बघा

लाज वाटते, कळतं मला. पण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार आणि तुम्ही "बघितलं नाही" म्हणणार, मग वेळ फुकट. दोन दिवस बघा, पुढे नाही बघितलं तरी चालेल.

जिआर्डियातली शी सहसा पाण्यासारखी धो धो नसते, पहिले एक-दोन दिवस असू शकते पण नंतर ती सैल, फिकट पिवळट आणि चिकट होते. आतड्यात तेल-तूप शोषलं जात नाही ते सगळं तिच्यातून बाहेर जातं, म्हणून ती तेलकट दिसते, पाण्यावर तवंग येतो, कमोड असेल तर ती तरंगते आणि एका फ्लशमध्ये जात नाही. आपल्या भारतीय संडासात तरंगणं बिरंगणं कळत नाही, तिथे खूण वेगळी, भांड्याला चिकटून राहते आणि दोन बादल्या ओतल्या तरी पिवळा ओघळ उरतो. आणि वास. नेहमीचा वास सगळ्यांना माहीत असतो, हा तसा नाही, अगदी सडका, संडासातून बाहेर येऊन पंधरा मिनिटं झाली तरी पॅसेजमध्ये रेंगाळणारा. माझ्या बायकोने तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "हे काहीतरी वेगळंय, डॉक्टरकडे जा", मी ऐकलं नाही.

दिवसाला किती वेळा ते पण मोजा. माझं चार-पाच वेळा होतं, त्यातलं जेवण झाल्या झाल्या एक हमखास, ताटावरून उठून सरळ तिकडे.

पायरी ४ : काय नाहीये ते बघा

ही पायरी लोक विसरतात. जिआर्डियात शीमध्ये रक्त सहसा नसतं आणि ताप असला तरी बारीक, सणकून नसतो. रक्त किंवा जोराचा ताप असेल तर गोष्ट दुसरी आहे आणि घाई जास्त आहे.

आपल्याकडे "आव पडते" हा शब्द कशालाही वापरतात. आव म्हणजे शेंबडासारखा चिकट पांढुरका पदार्थ, त्यात कधी रक्ताच्या रेषा, आणि त्याबरोबर मुरडा, म्हणजे पोट पिळवटून येतं, बसलं की चमचाभरच होतं, कुंथत राहावंसं वाटतं, उठलं की पुन्हा जावंसं वाटतं. हे चित्र अमीबाचं असू शकतं. तोही पाण्यातूनच येतो, तोही एका पेशीचाच, पण तो मोठ्या आतड्यात बसतो आणि जिआर्डियासारखा नुसता चिकटून न राहता आत घुसतो, जखमा करतो. त्याला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, कधी महिनेसुद्धा. तो रक्तातून लिव्हरमध्ये गेला तर तिथे गळू होतं, मग उजव्या बरगडीखाली दुखतं, ताप येतो, उजवा खांदा पण दुखू शकतो, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत जुलाब थांबलेलेही असतात, त्यामुळे पोटाशी संबंध कुणी लावतच नाही. तर उजवीकडे वर दुखणं अधिक ताप, एवढं दिसलं की थेट दवाखाना.

तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी धडाधड जायला लागलं तर तो कॉलरासारखा प्रकार असू शकतो, तिथे दिवस नाही तास मोजायचे.

पायरी ५ : अंगात त्राण नाही

वजन, भूक, थकवा. खातोय पण अंगी लागत नाही. एक जिना चढून धाप लागली तेव्हा मला कळलं, पंधरा दिवसांपूर्वी मी हाच माणूस गड चढून आलो होतो. लहान मुलांमध्ये कधी कधी जुलाब फारसे नसतातच, नुसतं पोट पुढे आलेलं, वजन वाढत नाही, किरकिर करतं, आणि आजी म्हणते दात येत असतील. त्यांना लवकर दाखवा. काही लोकांना मात्र संसर्ग होऊनही काहीच होत नाही, तेच टाक्यातलं पाणी प्यायलेला आमच्यातला एक जण आजपर्यंत मला चिडवतो.

पायरी ६ : हे दिसलं तर हा लेख बंद करा आणि दवाखाना गाठा

शीमध्ये रक्त, जोराचा ताप, उलट्या एवढ्या की पाण्याचा घोटही राहत नाही, सहा-आठ तास लघवीच नाही किंवा एकदम गडद थेंबभर, उभं राहिलं की अंधारी, डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते. तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली, रडताना डोळ्यात पाणी नाही, अंगावर प्यायला उठत नाही. बाई गरोदर असेल, घरातलं वय झालेलं माणूस असेल, एचआयव्ही किंवा केमोमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर लक्षणं साधी वाटली तरी वाट बघू नका.

जाताना वाटेत ओआरएस सुरू ठेवा. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, बोटाने वरचं काढून टाका, अंदाजपंचे मूठभर मीठ नको. एनर्जी ड्रिंक आणि कोल्ड्रिंक म्हणजे ओआरएस नाही. आणि जुलाब दाबून टाकायची गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नका, लहान मुलांना तर आपल्या मनाने कधीच नाही.

पायरी ७ : लॅबची डबी

आता खरी परीक्षा. माझा पहिला रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं, ओव्हा (म्हणजे जंतांची अंडी) नाही, सिस्ट नाही. मी म्हटलं चला, सुटलो, आणि परत अॅसिडिटीच्या गोळ्यांवर. इथे आणखी दहा दिवस गेले. नंतर ज्या डॉक्टर मॅडमकडे गेलो त्यांनी तो कागद बघितला आणि विचारलं, "किती वेळा दिलं होतं सॅम्पल?" एकदाच. "मग याला निगेटिव्ह नाही म्हणायचं, याला एकदाच बघितलं म्हणायचं."

कारण असं की हा प्राणी रोज शीमधून बाहेर पडत नाही. आज भरपूर सिस्ट, उद्या एकही नाही. म्हणून एक दिवसाआड वगैरे करून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने द्यायचे असतात. माझ्या बाबतीत तिसऱ्यात सापडला. जिआर्डियाचं अँटिजेन, म्हणजे त्याच्या अंगचं प्रथिन, शोधणारी वेगळी टेस्ट पण असते, ती जास्त भरवशाची, सगळ्या लॅबमध्ये नसते आणि पैसेही जास्त पडतात, पण नुसत्या "स्टूल रूटीन"वर काही सापडत नसेल तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

नमुना द्यायचं तंत्र कुणी शिकवत नाही म्हणून सांगतो. डबी लॅबमधूनच आणा, कोरडी, झाकणाला चमचा असलेली मिळते, घरातली जॅमची बाटली नको. आधी लघवी करून घ्या म्हणजे ती मिसळणार नाही. कमोडमधून किंवा भांड्यातल्या पाण्यातून उचलायचं नाही, खाली जुना पेपर किंवा प्लास्टिकची पिशवी पसरा, त्यावर करा आणि चमच्याने डबीत घ्या, चिकट, फेसाळ, आव असलेला जो भाग दिसेल तो आधी. डबी काठोकाठ भरायची नसते (आमच्यातल्या एकाने भरली होती, लॅबवाला दादा ती हातात धरून बराच वेळ गप्प होता). पातळ असेल तर शक्यतो तासाभरात पोचवा, कारण पातळ शीमधला जिवंत हलणारा जिआर्डिया लवकर मरतो आणि मग ओळखू येत नाही. डबीवर नाव, तारीख, वेळ. आणि नमुने देऊन होईपर्यंत मेडिकलमधून आणलेली कुठलीही गोळी घेऊ नका, घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगा.

इथेच नेपाळवाल्यांसाठी एक. आपल्याकडून एव्हरेस्ट बेस कॅम्पला आता गाड्या भरून लोक जातात. तिकडे सायक्लोस्पोरा नावाचा याचाच एक चुलतभाऊ आहे, साधारण मे ते ऑगस्ट जोरात असतो, थकवा भयानक आणि जुलाब आठवडेच्या आठवडे. तो नेहमीच्या तपासणीत निसटतो, लॅबला वेगळा रंग वापरून बघावं लागतं, आणि त्याचं औषधही वेगळं. म्हणून "नेपाळहून आलोय" हे वाक्य डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगायचं, निघताना दारात नाही.

पायरी ८ : औषध

मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, नायटाझोक्सानाइड, ही नावं तुमच्या चिठ्ठीवर दिसतील. कुठलं, किती, किती दिवस ते डॉक्टर वजन आणि बाकीच्या गोष्टी बघून ठरवतील, मी डोस लिहिणार नाही. घोळ कुठे होतो ते सांगतो. मेडिकलवाल्याला "जुलाबाची द्या" म्हटलं की तो पट्टीतल्या दोन गोळ्या कात्रीने कापून देतो, त्यात बऱ्याचदा एक अँटिबायोटिक आणि एक या परजीवीवरचं औषध असं दोन्ही असतं, दोन गोळ्यांनी जरा बरं वाटतं, तुम्ही थांबता, तो अर्धमेला झालेला पाहुणा पुन्हा उठून बसतो आणि वर लॅबच्या रिपोर्टचाही विचका होतो. मी हे दोनदा केलं.

तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, लघवी गडद होऊ शकते, मळमळतं. कोर्स पुरा करा. आणि कोर्स चालू असताना व संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस दारू नाही, विकेंड असला तरी नाही.

औषध झालं तरी पोट कुरकुरतंय?

बऱ्याच जणांचं होतं. माझा रिपोर्ट साफ आला आणि तरी सकाळच्या चहानंतर पोट फुगायचं. मी पुन्हा घाबरलो, तर मॅडम म्हणाल्या दूध बंद करून बघा. आतड्याच्या अस्तरावर दूध पचवणारं एन्झाइम असतं, तिथेच हा महिनाभर ठाण मांडून बसलेला, त्यामुळे तो गेला तरी काही आठवडे दूध पचत नाही. महिनाभर कोरा चहा प्यायलो, दही थोडं थोडं चाललं, मग हळूहळू दूध परत आलं. अंडा ढेकर आणि ती चिकट शी मात्र परत आली तर पुन्हा तपासा.

घरातल्यांना लागू नये म्हणून संडासनंतर आणि जेवायच्या आधी साबणाने हात, सॅनिटायझरवर विसंबू नका, त्या कवचावर त्याचा फार जोर चालत नाही. जुलाब चालू असताना घरच्यांचा स्वयंपाक दुसऱ्याकडे द्या आणि पोहायला जाऊ नका. बाकीच्या कुणाला त्रास असेल तर त्यांचीही तपासणी, नाहीतर घरातल्या घरात तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो.

आणि पाणी

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट वाढले तेव्हा घराघरांत पाणी उकळायला लागलं होतं. तो संबंध जोडला गेला तो कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियाशी, परजीवीशी नाही, पण उकळायची सवय दोन्हीला उपयोगी, ती महिनाभरात सुटली बऱ्याच घरांची.

तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, जिआर्डिया मरतो असं नाही. ग्रामपंचायत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किंवा आपण टाकतो ते क्लोरीनचे थेंब बॅक्टेरियाला झटपट मारतात, या कवचाला मात्र बराच जास्त वेळ लागतो, पाणी गार आणि गढूळ असेल तर आणखीच. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आणखी एक आहे, तो तर क्लोरीनला दादच देत नाही, १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून तो पसरला आणि अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले होते, तेही क्लोरीन घातलेल्या पाण्याने. फिल्टर घ्यायचा तर १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असं स्पष्ट लिहिलेला घ्या. घरचा यूव्ही किंवा आरओ चालतो, फक्त सर्व्हिसिंग वेळेवर करा.

सगळ्यात सोपं उकळणं. गढूळ असेल तर आधी सुती कापडाने गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट. २००० मीटरच्या वर ३ मिनिटं लागतात, पण ती भानगड हिमालयातली, आपलं कळसूबाईच १६४६ मीटर, त्यामुळे महाराष्ट्रात कुठल्याही गडावर असा, १ मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळत बसून गॅस संपवायची गरज नाही, हे आमच्यात अजून काही जणांना पटत नाही.

टाक्याजवळ कुणी आंघोळ करत असेल, भांडी घासत असेल, वरच्या अंगाला गुरं बसलेली असतील तर ते पाणी उकळूनच. पहिल्या पावसानंतरचं तर नक्कीच, उन्हाळाभर उतारावर पडलेलं शेण आणि माणसांचंही सगळं त्या पावसाबरोबर खाली येतं. आता मुक्कामी ट्रेक असला की आम्ही रात्रीच्या पिठल्यानंतर चुलीवर मोठं पातेलं चढवतो, झाकून ठेवतो, सकाळी बाटल्या भरतो. नवीन आलेले हमखास तोंड वाकडं करतात की पाण्याला धुराचा वास येतोय. येतो. लिंबू पिळा.